विसार देण्याआधी की नंतर? जागाखरेदीत वकिलाची वेळ

जागा-जमिनीच्या खरेदीवर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. बहुतेकांचा रोख एकच आहे : वकिलाकडे जायचे केव्हा? उत्तरांतील कायदे आणि कागद महाराष्ट्रातले आहेत.

प्रश्न : पुण्यात रीसेलचा फ्लॅट पसंत पडला आहे. एजंट म्हणतो, आजच एक लाख टोकन (विसार) द्या, दुसरी पार्टी तयार आहे. वकील साठेखताच्या (खरेदीखताआधीच्या विक्री कराराच्या) वेळी बघू. हे बरोबर आहे का?

नाही. दुसरी पार्टी प्रत्येकच व्यवहारात तयार असते. साठेखताचा मसुदा एजंटकडे, सोसायटीजवळच्या टायपिंगवाल्याकडे, कुठेही मिळतो. वकील लागतो तो हा व्यवहार करावा की नाही हे ठरवायला, आणि ते ठरवण्याची वेळ पैसे देण्यापूर्वीची असते. टोकन गेले की तुमची बाजू लगेच पडती होते. कागदात खोट निघाली तरी 'पैसे अडकलेत, काहीतरी मार्ग काढू' असा विचार सुरू होतो आणि वकिलालाही मग सल्ल्याऐवजी डागडुजीच करावी लागते.

भाव तोंडी ठरला की विक्रेत्याकडून झेरॉक्स मागा. बिल्डरने पहिल्या ग्राहकाशी केलेल्या करारापासून आजच्या मालकापर्यंतचा प्रत्येक नोंदणीकृत करार आणि त्याची इंडेक्स टू (नोंदणीचा सारांश उतारा), शेअर सर्टिफिकेटच्या दोन्ही बाजू, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि मिळकतकराची पावती. विक्रेत्याचे कर्ज चालू असेल तर बँकेचे शिल्लक रकमेचे पत्र आणि बँकेकडे जमा असलेल्या मूळ कागदांची यादीही हवी. झेरॉक्स द्यायला खळखळ करणाऱ्या विक्रेत्याला टोकन देऊ नये. टोकन घेतल्यावर तो कागद अधिक आनंदाने देईल असे मानायला काही आधार नसतो.

शेअर सर्टिफिकेटची मागची बाजू नीट पाहा. तिथे हस्तांतराच्या नोंदी ओळीने असतात : तारीख, कोणाकडून, कोणाकडे, सोसायटीचा शिक्का. ही साखळी आणि करारांची साखळी एकमेकींशी जुळली पाहिजे. नेहमी सापडणारी गफलत म्हणजे करारात नवरा-बायको दोघांची नावे, सर्टिफिकेटवर फक्त नवऱ्याचे, आणि विकायला तो एकटाच आलेला. करारातले दुसरे नाव 'कर्जासाठी घातले होते' हे स्पष्टीकरण कायद्यात चालत नाही. तिची सही लागतेच. ती हयात नसेल तर तिच्या वारसांची.

टोकन द्यायचेच झाले तर रक्कम लहान ठेवा, चेकने किंवा बँकेतून द्या आणि विसार पावतीत एक वाक्य वकिलाकडून घालून घ्या : ठरलेल्या तारखेपर्यंत विक्रेत्याचा हक्क निर्वेध आणि विक्रीयोग्य न आढळल्यास विसाराची पूर्ण रक्कम अमुक दिवसांत परत केली जाईल. हे वाक्य नसेल आणि तुम्ही मागे सरलात, तर विसार जप्त झाला असे विक्रेता म्हणेल आणि त्याला कायद्याचा आधारही मिळू शकतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याने बंदी आहे, म्हणून 'थोडे कॅश' हा विषय तिथेच संपवा. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर १ टक्का टीडीएस कापून भरण्याची जबाबदारी तुमची, म्हणजे खरेदीदाराची असते.

प्रश्न : बँकेच्या वकिलाने सर्च (नोंदणी कार्यालयातल्या जुन्या दस्तांचा शोध) घेतला आणि बँकेने कर्ज मंजूर केले आहे. मग वेगळा वकील कशाला?

बँकेचा वकील बँकेला एकच गोष्ट सांगतो : हप्ते थकले तर ही जागा विकून पैसे वसूल होतील की नाही. तुम्ही कर्ज घेतले किमतीच्या सत्तर-ऐंशी टक्के. उरलेल्या तुमच्या स्वतःच्या पैशांची काळजी त्याच्या कामात येत नाही. त्याचा अहवाल बँकेच्या नावाने असतो आणि बरेचदा तुम्हाला दाखवतही नाहीत. पार्किंग कशाच्या आधारे मिळतेय, गच्चीचा हक्क करारात आहे की फक्त बोलण्यात, ताब्याला उशीर झाला तर काय, सोसायटीत पाणीगळतीचा वाद चालू आहे का, हे प्रश्न तिथे सहसा येतच नाहीत.

पार्किंगवरून आठवले. स्टिल्ट पार्किंग (इमारतीखालच्या खांबांमधली जागा) बिल्डरला फ्लॅटपेक्षा वेगळे म्हणून विकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात सांगितले. तरी रीसेलमध्ये 'पार्किंगचे चार लाख वेगळे' ऐकू येते. हे पैसे देण्यापूर्वी सोसायटीच्या वाटपाचे पत्र वकिलाला दाखवा.

सर्च किती वर्षांचा घ्यायचा, असेही अनेक जण विचारतात. तीस वर्षांचा घ्या. गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला मुदत कायद्यात ३० वर्षांची मुदत आहे, त्यामुळे पंचवीस वर्षांपूर्वीचे गहाणही जिवंत निघू शकते. तेरा वर्षांचा सर्च स्वस्त पडतो आणि नेमका तेवढ्यासाठीच घेतला जातो.

प्रश्न : विक्रेत्याचे वडील गेले, तो थोरला भाऊ आणि नॉमिनी म्हणून त्याचेच नाव होते, सोसायटीने फ्लॅट त्याच्या नावे केला. तो विकतोय आणि आम्ही ओळखीतले खरेदीदार आहोत. धोका आहे का?

आहे. नॉमिनी मालक होत नाही. सहकारी संस्था कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर वारस निश्चित होईपर्यंत नॉमिनीला तात्पुरते सभासद म्हणून घेतले जाते. बाकीच्या वारसांची, म्हणजे आई, बहिणी, भाऊ या सगळ्यांची, नोंदणीकृत हक्कसोडपत्रे झाली आहेत का पाहा. नसतील तर खरेदीखतावर सगळ्यांच्या सह्या घ्या. स्टॅम्पपेपरवरचे नोटरी केलेले संमतीपत्र यासाठी पुरत नाही. वारसांत अज्ञान मूल असेल तर त्याच्या हिश्श्याच्या विक्रीला आधी न्यायालयाची परवानगी लागते. ती नसेल तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत विक्री आव्हानात येऊ शकते. ओळखीचा व्यवहार आहे म्हणून या पायऱ्या गाळू नका.

प्रश्न : नवीन प्रकल्पात बुकिंग करतोय. महारेराचा (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा) नंबर आहे, करार छापील आहे. बिल्डर म्हणतो यात एक अक्षर बदलत नाही. मग वकील काय करणार?

महारेरा क्रमांक म्हणजे प्रकल्पाची नोंदणी झाली आणि माहिती जाहीर झाली, एवढेच. टायटलची (मालकी हक्काची) हमी महारेरा देत नाही. वकील इथे दोन ठिकाणी उपयोगी पडतो आणि दोन्ही बुकिंगच्या चेकच्या आधीची आहेत.

पहिले ठिकाण महारेराचे संकेतस्थळ. प्रकल्पाच्या पानावर जमिनीचा टायटल रिपोर्ट, मंजूर नकाशे, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, जमिनीवरचे कर्ज, चालू दावे आणि पूर्णत्वाची तारीख असते. ती तारीख किती वेळा वाढवली हेही दिसते. प्रारंभ प्रमाणपत्र किती मजल्यांपर्यंतचे आहे ते मुद्दाम बघा. ते दहाव्या मजल्यापर्यंतचे असेल आणि तुम्हाला चौदाव्यावरचा फ्लॅट दाखवत असतील, तर तुम्ही अजून परवानगी न मिळालेली हवा विकत घेताय. प्रकल्पावर बँकेचा बोजा असेल तर तुमच्या फ्लॅटपुरते त्या बँकेचे ना-हरकत पत्र मागा.

दुसरे ठिकाण करार. छापील करार महारेराच्या आदर्श मसुद्याशी ओळीने ओळ ताडून पाहायचा असतो, फरक तिथेच सापडतात. कार्पेट क्षेत्रात तीन टक्क्यांपर्यंतची तफावत त्या मसुद्यात मान्य आहे. तुमच्या करारात पाच असेल तर विचारा. हप्त्यांची मर्यादाही ठरलेली आहे : करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोत्यापर्यंत ४५, सगळे स्लॅब झाल्यावर ७०, आणि शेवटचे ५ टक्के भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा देताना. उशिराच्या व्याजाचे कलम दोन्ही बाजूंना सारखे हवे. ग्राहकाने हप्ता थकवला तर जबर व्याज आणि बिल्डरने ताबा थकवला तर 'अपरिहार्य कारणे', असा करार दिसला की पेन खाली ठेवा. रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे ताबा वेळेत मिळाला नाही तर पूर्ण पैसे व्याजासह परत घेऊन बाहेर पडता येते, किंवा थांबून दरमहा व्याज घेता येते. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर या कर्जदरापेक्षा २ टक्के जास्त आहे. पण हे सगळे करारात लिहिलेल्या ताब्याच्या तारखेवर मोजतात, म्हणून ती तारीख 'अंदाजे' नको.

किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला घेता येत नाही. १० टक्क्यांच्या आतले पैसे घेऊन हातात नुसता बुकिंग फॉर्म देत असतील, तर त्या फॉर्ममागचे रद्द करण्याचे बारीक अक्षरातले कलम वाचल्याशिवाय सही करू नका. वकिलाला सगळ्यात आधी तो फॉर्म दाखवायचा असतो, लोक नेमका तोच दाखवत नाहीत.

'अक्षर बदलत नाही' याबद्दल : बिल्डर बरेचदा मूळ करार बदलत नाही, पण ठळक मुद्द्यांचे पुरवणीपत्र लिहून देतो. तेही नाकारले तर निदान कशावर सही करतोय हे तरी कळलेले असते.

प्रश्न : शहराबाहेर शेतजमिनीत एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट पाडून विकताहेत. खरेदीखत नोंदवून देतो, सातबाऱ्यावर नाव लावतो म्हणतात. दीडशे लोकांनी घेतलेत. वकिलाची खरंच गरज आहे का?

या अंकात फक्त एकाच वाचकाला वकील द्यायचा झाला तर तो तुम्हाला देऊ. फ्लॅटमधली चूक बहुतेक वेळा पैसे आणि वेळ खर्चून निस्तरता येते. इथली चूक बरेचदा कायमची असते.

शेतजमीन राज्यात शेतकऱ्यालाच घेता येते; इतरांना जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कुळकायद्याच्या कलम ६३ चा हा नियम मोडून झालेला व्यवहार बेकायदा ठरवण्याचा अधिकार महसूल खात्याला आहे. तुम्ही शेतकरी असाल तरी पुढची अडचण तुकडेबंदीची, म्हणजे प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा विकण्यावरच्या बंदीची आहे. २०२३ च्या अधिसूचनेनुसार प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. शहरालगतच्या भागांसाठी सवलती आणि नियमित करून घेण्याच्या तरतुदी वेळोवेळी आल्या आहेत, पण तुमचा गट त्यात बसतो की नाही हे विकणाऱ्याने नव्हे, तुमच्या वकिलाने सांगायचे.

मग एक-दोन गुंठे 'नोंदवून' कसे देतात? दहा-बारा जणांना एकत्र करून एक खरेदीखत करतात. वाचा, त्यात लिहिलेले असते : गट नंबर अमुक, एकूण क्षेत्र अमुक, 'पैकी' अकरा गुंठे, सामाईक. कागदावर चतुःसीमा सबंध तुकड्याच्या असतात आणि तुमचा प्लॉट क्रमांक फक्त विकणाऱ्याच्या रंगीत नकाशात असतो. सातबाऱ्यावर नाव लागतेही, पण बारा नावांतले एक म्हणून. उद्या घर बांधायचे, कर्ज काढायचे किंवा विकायचे झाले की प्रश्न येतो तुमचा हिस्सा नेमका कुठला, आणि उरलेल्या अकरा जणांच्या सह्यांचा.

सातबारा पाहताना बहुतेक लोक मालकाचे नाव बघून थांबतात. वर भूधारणा पद्धती पाहा : 'भोगवटादार वर्ग २' असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय विक्री नाही. 'इतर हक्क' हा रकाना पूर्ण वाचा. कुळाचे नाव, बँक किंवा गावच्या शेती सोसायटीचा बोजा, 'कलम ४३ च्या बंधनास पात्र' (कुळकायद्याचे विक्रीवरचे बंधन), पुनर्वसनाचे शेरे, वतन-इनामाचा उल्लेख, सगळे तिथे असते. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर बिगरआदिवासीला घेण्यासाठी महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ प्रमाणे परवानगी लागते, आणि ती नसताना झालेल्या खरेदीत जमीन परत जाते. नावापुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर किंवा 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता अशी अक्षरे असतील, तर तो एकटा मालक नाही हे सातबाराच सांगतो आहे.

त्यानंतर फेरफार. सातबाऱ्यावर वर्तुळात जे आकडे दिसतात ते फेरफार क्रमांक असतात आणि त्यातला प्रत्येक उतारा काढून वाचायचा असतो. बहिणींची नावे कोणत्या फेरफाराने कमी झाली? नोंदणीकृत हक्कसोडपत्राने, की तलाठ्यापुढे दिलेल्या जबाबाने? हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती आणि विनीता शर्मा प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल यांनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क जन्मापासूनचा आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री मात्र त्यातून वगळल्या आहेत. जमिनींवरचे बरेच दावे इथूनच उभे राहतात. आणि फेरफार ही कर वसुलीसाठीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही, हेही न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे.

वकिलाव्यतिरिक्त दोन कामे करून घ्या : भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी आणि हद्दी दाखवणारी नकाशाची 'क' प्रत, आणि नगररचना विभागाचा झोन दाखला. आरक्षण आहे की नाही हे दाखल्यात कळते. रस्ता नकाशात आहे की शेजाऱ्याच्या मेहरबानीवर चालू आहे, हे जागेवर जाऊन कळते. दीडशे लोकांनी घेतले हा काही पुरावा नव्हे; चुकलेल्या दीडशेंत तुम्ही एकशेएक्कावन्नावे व्हाल इतकेच.

प्रश्न : मालक परदेशात आहेत. त्यांचा भाचा कुलमुखत्यारपत्रावर सही करणार आहे. चालेल का?

चालते, पण मुखत्यारपत्र वकिलाने वाचल्यानंतर. त्यात विक्रीचा, करार नोंदवण्याचा आणि रक्कम घेण्याचा अधिकार स्पष्ट हवा. 'देखभालीसाठी' दिलेल्या पत्रावर जागा विकता येत नाही. परदेशात केलेले असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीचे किंवा नोटरीचे प्रमाणन हवे आणि ते राज्यात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरलेले हवे. पत्र देणारा मरण पावला की साधारणपणे पत्राचा अधिकार संपतो, म्हणून नोंदणीच्या दिवशी मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोला आणि हयात असल्याचा दाखला मागा. पैसे मालकाच्याच खात्यात जाऊ द्या. मालक आयकराच्या दृष्टीने अनिवासी असतील तर टीडीएसचा दर १ टक्का राहत नाही, बराच जास्त होतो आणि ५० लाखांची मर्यादाही लागू होत नाही. कमी कापलात तर आयकर खाते तुमच्याकडे येते. इथे वकिलाबरोबर सीएही लागतो.

आणि विक्रीऐवजी नुसते मुखत्यारपत्र नि ताबापावती घ्या, स्टॅम्प वाचेल, असे कोणी सुचवले तर २०११ चा सूरज लॅम्प निकाल त्याला सांगा : मुखत्यारपत्राने मालकी हस्तांतरित होत नाही.

प्रश्न : साठेखत नोंदवले, निम्मे पैसे दिले. आता कळले की जागेवर दिवाणी दावा चालू आहे. उशीर झाला का?

उशीर झालाय, पण सगळे हातचे गेलेले नाही. आज पुढचा हप्ता थांबवा, मात्र गप्प बसून नव्हे. दाव्याची माहिती मागणारी आणि तुम्ही उरलेले पैसे द्यायला तयार आहात असे सांगणारी नोटीस वकिलामार्फत पाठवा. ही 'तयारी' कागदावर असणे महत्त्वाचे असते. पुढे करारपूर्तीचा दावा लावायची वेळ आली तर तुम्ही पहिल्यापासून तयार होतात हे तुम्हालाच सिद्ध करावे लागते, म्हणून बँक शिल्लक आणि कर्जमंजुरीची पत्रे जपून ठेवा. मुदत तीन वर्षांची : करारात ठरलेल्या तारखेपासून, तारीख नसेल तर विक्रेत्याने नकार दिल्याचे कळल्यापासून.

दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवली आहे का, दाव्यात मनाई हुकूम आहे का, आणि वाद सगळ्या जागेवर आहे की एखाद्या हिश्श्यावर, यावर वकील ठरवेल की पुढे जायचे की बाहेर पडायचे. बाहेर पडायचे ठरले तर दिलेल्या रकमेसाठी त्या मालमत्तेवर तुमचा बोजा राहतो, ही मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ मधली तरतूद कामाला येते. मात्र पैसे हातात येण्यापूर्वी रद्दलेखावर सही करू नका.

प्रश्न : वकील निवडताना काय पाहावे? सगळ्याच व्यवहारात लागतो का?

एजंट किंवा विक्रेत्याने 'आमचाच माणूस आहे' म्हणून दिलेला वकील नको. दिवाणी आणि महसुली काम करणारा, त्याच तालुक्यातला असेल तर उत्तम, कारण तिथले जुने गट, योजना आणि भांडणे त्याला ठाऊक असतात. फी कामाप्रमाणे आधी ठरवा : सर्च आणि टायटलचे मत वेगळे, मसुदा वेगळा, नोंदणीला हजर राहणे वेगळे. मत तुमच्या नावाने, लेखी आणि सहीनिशी घ्या, सर्चच्या शासकीय पावत्यांसह. 'टायटल क्लिअर आहे' हे फोनवरचे वाक्य मत धरू नका. मतात अटी असतील, जसे 'अमुक वारसाची संमती घ्यावी', तर ती अट पुरी झाल्यावर पुन्हा त्यालाच दाखवा.

रेडी रेकनरचा (शासकीय बाजारमूल्याचा) दर पाहणे, मुद्रांक शुल्काचा हिशोब, कार्पेट क्षेत्र टेपने मोजणे, ई-सर्चवर इंडेक्स टू शोधणे, महारेराचे पान वाचणे, ई-कोर्ट्सवर विक्रेत्याच्या नावाने दावे पाहणे ही कामे स्वतः करता येतात आणि करावीत. त्याची टिपणे घेऊन वकिलाकडे गेलात तर पहिल्याच भेटीत नेमके प्रश्न विचारता येतात. खरेदीखतावर सह्या झाल्या असतील आणि नोंदणी राहिली असेल तर मात्र आधी दिवस मोजा : सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त दुय्यम निबंधकापुढे हजर करावा लागतो, त्यानंतरचे चार महिने फक्त दंड भरून मिळतात.